घरचे ऋण आणि सांजेची प्रार्थना



माझे नाव तुम्ही आजवर बोंडअळी, बीजप्रक्रिया, तुरीची मर अशा विषयांखाली वाचले असेल. आज मी पिकाबद्दल लिहीत नाही. जमिनीत ओल नसली तर बियाणे कितीही चांगले असो, उगवत नाही. घराचेही तसेच आहे. घरात बोलण्याची ओल राहिली नाही, तर चांगले पीकही त्या घराला तारत नाही. हे मला कॉलेजात कोणी शिकवले नाही. ते मी माझ्या घरात शिकलो, आणि शिकायला उशीर केला.

आम्ही ख्रिस्ती आहोत. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती घरे थोडी. गावात आमची घरे मोजून तीन. त्यामुळे आमच्या घरी काय चालते याची तुमच्यापैकी बहुतेकांना माहिती नसेल. कोणी धर्म बदलावा म्हणून मी हे लिहीत नाही. तुमच्या घरी हरिपाठ असेल, गजानन महाराजांची पोथी असेल, नमाज असेल. आमच्या घरी सांजेची प्रार्थना असते, आणि तिने आमचे घर एकदा मोडता मोडता कसे सावरले, एवढेच सांगायचे आहे.

माहेर नसलेली पणजी

आमच्या कुळाची गोष्ट १९०० सालापासून सुरू होते. त्याच्या मागचे आम्हाला काही ठाऊक नाही. १८९९-१९०० चा तो दुष्काळ जुने लोक छप्पनचा दुष्काळ म्हणून सांगत. वऱ्हाडात आधी १८९६-९७ साली एक दुष्काळ येऊन गेलाच होता. त्यातून माणसे सावरतात न सावरतात तोच हा दुसरा आला. चारा संपला, जनावरे गेली, माणसे रस्त्याने चालता चालता पडली. त्या वेळी अकोला, खामगाव, मलकापूर या भागांत अलायन्स मिशनचे काम चालू होते. पोरक्या मुलांना मिशनने आसरा दिला. माझे पणजोबा त्यांतले एक. वय सहा-सात वर्षांचे. स्वतःचे नाव सांगता येत होते, बापाचे सांगता येत नव्हते.

माझी पणजीही तशीच वाढलेली. दोघांचे लग्न झाले तेव्हा वरपक्षही नव्हता आणि वधूपक्षही नव्हता. आजी सांगायची, की दिवाळीला गावातल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी जायच्या आणि पणजी दारात उभी राहून त्यांच्या बैलगाड्या पाहायची. तिला माहेर नव्हते. मग तिच्यासारख्याच अनाथालयात वाढलेल्या दोघी-तिघींनी ठरवले, की आपणच एकमेकींचे माहेर व्हायचे. एका नाताळाला हिच्याकडे, दुसऱ्या नाताळाला तिच्याकडे. एक पायली ज्वारी आणि लुगड्याचा एक खण देऊन पाठवणी करायची. ज्यांना रक्ताचे नाते मिळाले नाही, त्यांनी प्रार्थनेला एकत्र बसून नाती उभी केली. आमच्या घरची सांजेची प्रार्थना तेव्हापासूनची आहे.

हे फक्त आमचेच नाही. पंडिता रमाबाईंचे आई-वडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. त्याच रमाबाईंनी पुढे १८९६-९७ साली मध्य प्रांतातल्या आणि १९०० साली गुजरातेतल्या दुष्काळातून बायका-मुली आणल्या आणि दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशनमध्ये वाढवल्या. पोरकेपण भोगलेल्या बाईने पोरक्यांचे घर बांधले.

आधी मोडले, मग जुळले

पण खरे ते सांगितले पाहिजे. श्रद्धेने घर जुळते तसे कधी कधी मोडतेही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या. त्यांच्यावर आभाळ कोसळले. लहान मुलगा पदरात, नवरा जिवंत असून नसल्यासारखा. काही वर्षे दोघे वेगळे राहिले.

ते पुन्हा एकत्र कसे आले, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे. नवऱ्याने पत्रे लिहिणे सोडले नाही. बायको परत आली तेव्हा तिच्या चुलीत आणि तिच्या सोवळ्यात त्याने हात घातला नाही. तू ख्रिस्ती हो, मग घरात ये, असे म्हटले नाही. जात माणसाने केली आहे, हे लक्ष्मीबाईंना पुढे आपल्याच विचाराने पटले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक तापट होते, हाताचे उधळे होते. दोघांची भांडणे शेवटपर्यंत झाली आणि ती त्यांनी हसत हसत लिहिली. पण दुष्काळात आणि प्लेगात दोघांनी मिळून परक्यांची लेकरे सांभाळली. माझ्या मते त्या घराला टिकवणारी गोष्ट एकच होती. कोणीतरी एकाने वाट पाहायची तयारी ठेवली.

मी मात्र वाट पाहिली नाही. आता माझी गोष्ट सांगतो.

जामीन

मी दोघा भावांत थोरला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी. एस्सी. झालो आणि खात्यात लागलो. धाकटा घरी शेतीला राहिला. चिखली तालुक्यात घाटावर आमची नऊ एकर कोरडवाहू जमीन. वडील २००९ साली गेले. त्यानंतर धाकट्याने विहीर खोदली, मोटार बसवली, पाइपलाइन टाकली. त्यासाठी एका पतसंस्थेचे कर्ज काढले आणि जामीन म्हणून माझी सही घेतली. विहिरीचा सल्लाही माझाच होता.

२०१४ चा मार्च तुम्हाला आठवत असेल. विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली. आमचा गहू आडवा झाला, हरभऱ्याचे घाटे जमिनीवर झडले. त्यानंतरचा पावसाळा उशिरा आला आणि लवकर गेला. सोयाबीनला दाणा भरला नाही. २०१५ सालीही पाऊस कमीच. विहिरीने तळ गाठला. धाकट्याचे हप्ते थकले आणि एक दिवस माझ्या कचेरीत पत्र आले, की जामीनदाराच्या पगारातून वसुली करावी. पत्र हातात पडले तेव्हा समोर माझे सहकारी बसलेले होते.

त्या रविवारी मी गावी गेलो आणि अंगणात उभे राहून भावाला नको ते बोललो. त्याची बायको, त्याची दोन लेकरे आणि आमची माय ऐकत होती. शेवटी म्हणालो, “तुला शेती जमत नाही, तर ती विकून मोकळा का होत नाहीस?” तो काही बोलला नाही. खाली पाहत पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मी चहा न घेता निघालो आणि त्यानंतर चौदा महिने त्या घराची पायरी चढलो नाही. नाताळालासुद्धा गेलो नाही.

गंमत पाहा. त्याच चौदा महिन्यांत खात्याच्या कामासाठी मी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना धीर देत होतो. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यात आपला बुलढाणा होता. ती कशामुळे, हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांपासून आम्हा लोकांच्या भाषणात एक वाक्य ठरलेलेच असते, की कर्त्या माणसाने मनातले घरच्यांजवळ बोलावे. मी ते वाक्य टाळ्या घेऊन म्हणत होतो आणि माझ्या सख्ख्या भावाशी बोलत नव्हतो.

ताटाशी अडलेला हात

आमच्यात प्रभुभोजन असते. उपासनेत भाकर आणि द्राक्षारस सगळ्यांना वाटतात. त्याआधी माणसाने आपले मन तपासावे, अशी शिकवण आहे. येशूने तर स्पष्ट सांगितले आहे, की देवाला काही अर्पण करायला गेलास आणि तिथे आठवले की भावाचे तुझ्याविषयी काही गाऱ्हाणे आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाकडे जाऊन समेट कर, मग ये. लहानपणापासून ऐकलेले. पण ऐकलेले आणि लागलेले यांत अंतर असते.

त्या दिवशी ताट माझ्यासमोर आले आणि माझा हात पुढे गेला नाही. मी ताट शेजारच्याकडे सरकवले. कोणी काही विचारले नाही. पाळकसाहेबही काही बोलले नाहीत. पण घरी येताना बायको म्हणाली, “भाकर नाकारलीत. आता किती दिवस नाकारणार?” मी उत्तर दिले नाही.

त्याच आठवड्यात, बुधवारी रात्री, धाकट्याच्या बायकोचा फोन आला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. ती म्हणाली, “दादा, हे चार दिवस झाले प्रार्थनेला बसत नाहीत. मायनं हाक मारली की उठून मळ्यात जातात. मले भेव वाटते.”

वाचकहो, या एका वाक्याचे मोल पुढे मला कळले. आमच्या घरी दिवेलागणीनंतर सगळ्यांनी ओसरीवर बसायचे असा रिवाज आहे. गीत म्हणायचे, शास्त्र वाचायचे, मग एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. ताप असला तरी बाजेवर पडून माणूस त्यात सामील होतो. म्हणून एक माणूस चार दिवस बसला नाही, हे लगेच दिसले. रोजची ठरलेली जागा असली की रिकामी जागा दिसते. अशी जागाच नसती, तर तो खचत चालला आहे हे आम्हाला कधी कळले असते, कोण जाणे.

मी तेव्हा मलकापूरकडे होतो. मोटारसायकल काढली. राजूर घाट चढताना गारठा अंगाला बोचत होता आणि मनात एकच चालले होते, की उशीर होऊ नये.

अडलेला शब्द

पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. भाऊ मळ्यातून येऊन ओसरीच्या कडेला बसला होता. मला पाहून उठला नाही. मायने ना रडारड केली, ना मला जाब विचारला. एवढेच म्हणाली, “आला का? बस. प्रार्थना राह्यली आहे.” माझ्यासाठी तिने ती दोन तास थांबवून ठेवली होती.

सगळे बसले. माय भावाकडे वळून म्हणाली, “तू बोलू नको. नुसता बस.” तो बसला. लेकरांनी प्रार्थना केली, त्याच्या बायकोने केली, मायने केली. तिने पाऊस मागितला, गाईचे दुखणे सांगितले, आणि दोघा लेकांची नावे घेतली. त्यापुढे काही मागितले नाही. मग माझी पाळी आली.

मला काही सुचेना. म्हणून मी प्रभूने शिकवलेली प्रार्थनाच म्हणू लागलो. ती तर झोपेतही पाठ. आपल्या मराठीत त्या प्रार्थनेत अपराध हा शब्द नाही, ऋण हा शब्द आहे. आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना जसे सोडले तसे तू आम्हाला सोड, असा तिचा भाव. पन्नास वेळा नव्हे, हजारो वेळा म्हटली असेल. पण त्या रात्री ऋण हा शब्द ओठांवर आला आणि मी अडलो. समोर माझा ऋणकरी बसला होता. मी त्याला सोडले नव्हते. मग देवाला कोणत्या तोंडाने मागणार?

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी प्रार्थना अर्धी टाकून भावाला म्हणालो, “मी अंगणात बोललो ते चुकीचं होतं. विहिरीचा सल्ला माझा होता. नुकसान झालं तेव्हा मी हात झटकले.”

तो रडला नाही. उठून आत गेला. माझ्या पोटात गोळा आला. पण तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पोराच्या शाळेची एक वही होती. म्हणाला, “दादा, पतसंस्थेचं तुले माहीत आहे. बाकीचं कोणालेच माहीत नाही.”

पतसंस्थेचे २,१०,००० रुपये. कृषी केंद्राची बियाण्या-खताची उधारी ६२,०००. आणि गावातल्या दोघांकडून घेतलेले हातउसने ९०,०००, त्याचे व्याज महिन्याला चढत होते. एकूण ३,६२,०००. त्याची बायको तो आकडा पहिल्यांदाच ऐकत होती. ती म्हणाली, “एवढंच ना? मले वाटलं, काय आहे अन् काय नाही.” बंधूंनो, तो आकडा त्या घराला लहान नव्हता. पण न सांगितलेले कर्ज तिच्या मनात त्याहून कितीतरी मोठे झाले होते. त्या रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही वही घेऊन बसलो होतो.

नंतर काय झाले

चमत्कार झाला नाही. पाऊस काही आमच्या प्रार्थनेने त्या आठवड्यात आला नाही. पहिल्यांदा व्याजाचे हातउसने फेडले. त्यासाठी मायने आपली पोत काढून दिली आणि मी भविष्य निर्वाह निधीतून उचल केली. पतसंस्थेत आम्ही दोघे मिळून गेलो आणि हप्ते लांबवून घेतले. सगळ्या नऊ एकरांत एकटे सोयाबीन पेरणे बंद केले. सोयाबीनच्या चार ओळींनंतर दोन ओळी तुरीच्या, असे आंतरपीक धरले. चार शेळ्या घेतल्या, त्या भावजयीने वाढवल्या. पूर्ण कर्ज फिटायला पाच वर्षे लागली. त्या पाच वर्षांत आमच्यात पुन्हा दोनदा कडाक्याचे भांडण झाले. पण दोन्ही वेळा सांजेला एका ओसरीवर बसणे भाग होते, आणि भावाशी अबोला धरून मोठ्याने देवाशी बोलणे फार अवघड जाते. करून पाहा.

कर्ज फिटले त्या वर्षी हंगामाच्या उपकारस्तुतीला धाकट्याने तुरीचे एक पोते चर्चमध्ये नेले. आमच्यात त्या दिवशी कोणी ज्वारीची कणसे आणतो, कोणी भोपळा, कोणी कोंबडी, आणि त्याचा लिलाव होतो. ते पोते मी बोली लावून घेतले. चढ्या भावाने घेतले म्हणून माय चिडली. माय आता नाही. तिची ओसरीवरची जागा आम्ही रिकामीच ठेवतो.

तुम्हाला चार गोष्टी

सल्ला दिल्याशिवाय माझ्यासारख्या माणसाचा लेख संपत नाही, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, घरात रोज एक वेळ अशी ठेवा, की सगळे एकत्र बसतील आणि टीव्ही-मोबाइल बंद असेल. तुमच्या घरी भजन असेल, हरिपाठ असेल, नाहीतर नुसते जेवण असेल. त्यात प्रत्येकाने, लेकरानेसुद्धा, आज मनात काय आहे ते एक वाक्य तरी बोलावे. आपला कर्ता पुरुष बायकोला चिंता सांगत नाही, त्यात त्याला कमीपणा वाटतो. देवाला सांगताना बायकोने ऐकले, तर कमीपणा वाटत नाही. हा आमच्या प्रार्थनेचा मोठा गुण मी पाहिला.

दुसरी, कर्जाचा पूर्ण आकडा वहीत लिहा आणि घरच्या मोठ्या माणसांना दाखवा. ज्याचे व्याज सर्वांत जड, ते आधी फेडा.

तिसरी, घरातला कोणी बसायचा बंद झाला, जेवायचा बंद झाला, एकटा मळ्यात जाऊ लागला, तर उद्यावर टाकू नका. त्याला एकटे सोडू नका, दवाखान्यात न्या. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. प्रार्थना करावी आणि डॉक्टरलाही दाखवावे. एकाने दुसऱ्याचे काम अडत नाही.

आणि चौथी गोष्ट थोरल्यांसाठी. भावाभावांत अबोला असेल, तर चूक कोणाची याचा हिशेब करत बसू नका. तो हिशेब कधी जुळत नाही. मी चौदा महिने केला. शेवटी धाकट्याच्या बायकोला फोन करावा लागला, तेव्हा कुठे मी घाट चढलो. तुम्ही कोणाच्या फोनची वाट पाहू नका. आज सांजेलाच जा.